गुलाबभाईंचे गुलाब

गुलाबभाईंच्या मुलीचा, शबानाचा फोन आला तेव्हा मी एका सत्काराच्या व्यासपीठावर बसलो होतो. "अब्बा गेले, सर. दुपारी जोहरच्या नमाजनंतर दफन आहे," एवढंच ती बोलली. उठून जाता आलं असतं. पण माझं भाषण व्हायचं होतं, आणि ते झाल्याशिवाय जगाचं अडेल असं वाटण्याची खोड मला आहे... कब्रस्तानात पोचलो तेव्हा लोक परतत होते. त्याला आता दीड महिना झाला.

गुलाब शेख एसटीत कंडक्टर होते. त्यांचा छंद जगावेगळा होता. गुलाब याच नावाची, पण निरनिराळ्या क्षेत्रांत गाजलेली जुनी माणसं ते शोधत. तिकीट फाडून झालं की म्हाताऱ्या प्रवाशाशेजारी टेकायचे आणि तुमच्या गावात माझ्या नावाचं कुणी होऊन गेलं का, असं विचारायचे. असे त्यांना येरमाळ्याचे गुलाब पैलवान सापडले, ढोकीचे गुलाब हकीम सापडले, भारुडं गाणारी एक गुलाबबाईही सापडली. नाव सोडलं तर यांच्यात सारखं काय, असं मी प्राध्यापकी तोऱ्यात विचारलं होतं. ते हसले. "काय न्हाय, सर. येकाच नावाखाली माणूस काय काय होऊ शकतो, ते बघायचं."

निवृत्तीनंतर त्यांनी यावर लेख लिहिला आणि मी संपादित करत असलेल्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी दिला. छपाईच्या आदल्या दिवशी एका मान्यवरांचा शुभेच्छा संदेश आला, संदेशाहून मोठ्या फोटोसह. जागा हवी होती. मी लेख कापला. गुलाबबाई गेली. पैलवान आणि हकीम यांच्यामधला मजकूर काढून मी 'पुढे' हा एक शब्द घातला. त्यामुळे येरमाळ्याचा पैलवान पुढे ढोकीत हकीम झाला. हे वाचून शंका घेण्याऐवजी लोक भारावले. वर्षभरात येरमाळ्यात कमान उभी राहिली, 'मल्ल आणि वैद्य' अशा अक्षरांची. उद्घाटनाला प्रमुख पाहुणा मीच होतो.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी गुलाबभाई घरी आले. आवाज चढवला नाही. "माणसं दोन होती, सर. तुमी येकच ठेवला." पुढच्या अंकात दुरुस्ती छापू, असं मी म्हणालो. "मला घाई न्हाय. हकीमसाहेबांची नात लई थकलीय. तिच्या आज्याला लोक पैलवान म्हणायलेत." पुढचे दोन अंक निघाले. प्रत्येक वेळी कुणाचा तरी फोटो आडवा आला. खरं सांगायचं तर, कमानीखाली हार घालून उभ्या राहिलेल्या माणसाला चूक कबूल करणं जड जात होतं. गुलाबभाई नंतरही येत, चहा घेत, कपाटातली पुस्तकं चाळत, पण विषय काढत नसत. ते विसरले, असं मी सोयीनं समजलो.

गेल्या आठवड्यात शबानाकडं गेलो. तिनं सांगितलं की अब्बा पासवर एसटीनं गावोगाव फिरायचे. स्मरणिकेची प्रत जिथं असेल तिथं, शाळेत, ग्रामपंचायतीत, कुणाच्या घरी, परवानगी मागून पेन्सिलीनं दुरुस्ती करायचे. ढोकीला हकीमसाहेबांच्या नातीसमोर बसून त्यांनी ती मोठ्यानं वाचूनही दाखवली होती.

घरी येऊन मी कपाटातली माझी प्रत काढली. छापून आल्यापासून ती उघडली नव्हती. 'पुढे' हा शब्द एका बारीक रेघेनं खोडलेला होता. समासात, तिकिटावर आकडे लिहायची सवय असलेल्या हातानं लिहिलं होतं : 'हे दोघे वेगळे. चुकून एक झाले. संपादकांचा दोष नाही.'