बुधवारची सुट्टी

"दिवस मोजू नका मावशी, वार मोजा."

मेसवर जेवायला आल्या की ताट पुढे करता करता मॅडम हे म्हणायच्या. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं एवढंच वाक्य आपल्यापाशी राहतं.

मी देगलूरकडची. शाळा सातवीत सुटली. लातूरला मेसवर भाकऱ्या करायला आले तेव्हा पुढचे दिवसच मोजत बसायची. "लई दिवस हायत मॅडम, सरायचेच न्हाईत," मी म्हणाले.

"नाहीच सरत. पण वार सातच. रविवार शून्य धरा." रविवारी संध्याकाळी आमची मेस बंद, म्हणून शून्य. "बुधवारनंतर पाच दिवसांनी काय?"

"सोमवार. येसराची आमटी."

"कुठल्याही बुधवारी?"

"कुठल्याबी."

"झालं. न संपणाऱ्या दिवसांची घडी घातलीत तुम्ही. मी तेच करते."

त्या उमरीच्या. कॉलेजात तासिकेवर गणित शिकवायच्या. पक्क्या नोकरीसाठी पीएचडी हवी, म्हणून गणितातल्या कुठल्याशा अनंत गटाची अशीच घडी घालून दाखवत होत्या. पोळीचीही चौघडी करायच्या, उलगडून बघायच्या, मग खायच्या. मेसवरची पोरं चिडवायची, "मॅडम, पोळी तपासून राहिल्या का?"

"घडीत काय हरवलं ते बघते."

एकदा ताट तसंच राहिलं. मी जवळ गेले.

"मावशी, बुधवारही शून्य धरला तर?"

"एक सुट्टी वाढंल."

"बघा हं. रविवारपासून तीन दिवस म्हणजे काहीच नाही, असं झालं. मग बुधवारपासून तीन दिवस, शनिवार. तोही शून्य. पुढे मंगळवार, शुक्रवार, सोमवार, गुरुवार."

मी पिठाच्या बोटांवर मोजलं. एक वार उरला नाही. "मग मेस चालायची कशी?"

"नाही चालत. माझ्या गटात तेच झालंय. एक नको ते शून्य धरलं आणि सगळंच शून्य झालं. इतकी वर्षं त्याच्यावरच लिहीत होते."

आमटी जरा पातळ झाली म्हणावं, तसं त्यांनी सांगितलं. मला दुसरं काय येणार? गरम भाकरी वाढली. त्यांनी खाल्ली.

पुढे एका दुपारी स्वतःच म्हणाल्या, "काहीही शून्य धरलं तरी ते सगळं ओढून नेतं, मावशी. ह्याला घडी पडतच नाही. आता हेच सिद्ध करायचं." आणि पहिल्यापासून लिहायला बसल्या.

नंतरच्या वर्षी कॉलेजानं तास दिले नाहीत. त्या नांदेडला गेल्या.

बऱ्याच दिवसांनी फोन आला. "प्रबंध मान्य झाला."

"अन् नोकरी?"

"तासिकेवरच. बुधवारी मेस चालू आहे ना?"

"हाय की."

"मग बरं."

मी अजून वारच मोजते. बुधवारी पोळ्या रचताना एखादीची हातून चौघडी होते. उलगडते, बघते आणि डब्यात ठेवते.