बस्कर घेऊन बेल्लमपल्लीला

करतारसिंगाच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका दोन आल्या. एक मला आणि एक माझ्या इवायांना, म्हणजे माझ्या लेकीच्या सासऱ्यांना, दौलतरावांना. आमच्या दोघांचाही कापूस करतारसिंगाच्याच ट्रकमधून आदिलाबादच्या बाजारात जायचा. पत्रिका हातात ठेवून तो म्हणाला, "दोनों समधी साथ में आना, बेल्लमपल्ली में मेरे भाई के यहाँ रुकना." त्या भल्या माणसाला काय ठाऊक, की हे दोन समधी दोन वर्षं एकमेकांशी धड बोललेले नाहीत!

गोष्ट एकोणीसशे नव्वदच्या आसपासची. माझ्या सुमनच्या लग्नात जेवणाच्या पंगतीला इवायांसाठी भिंतीकडचा मोठा पाट मांडला होता. त्यावर आमच्या कुण्या दीडशहाण्यानं तहसिलातल्या गिरदावर साहेबांना बसवलं. इवायांना मिळालं मधल्या रांगेत घडी घातलेलं बारदान. ते बसले, एक घास घेतला आणि उठून गेले. मुलाचा बाप भरल्या पंगतीतून उपाशी उठला म्हटल्यावर काय उरलं? त्यानंतर सुमन सणाला आली की दुसऱ्याच दिवशी तिला न्यायला गाडी यायची.

आणि आता सुमनला सहावा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मी दोन निरोप धाडले. उत्तर नाही.

"आता तुमीच तोंड उघडा," आमची मंडळी म्हणाली. "होकार घेतल्याबिगर घरी येऊ नका."

आणि तिनं माझ्या पिशवीत एक बस्कर कोंबलं. लाल मखमलीचं, आत सरकी काढलेला कापूस ठासलेला, कडेनं हिरवी झालर. महिनाभर बसून शिवलेलं. "लग्नात चारचौघात आसन गेलं ना त्याहिचं? मंग चारचौघातच द्या." मलाही ही युक्ती फार पटली. आता आठवलं की कान लाल होतात.

नेरडीगोंड्याच्या फाट्यावर पहाटे इवाई माझ्याआधी हजर. डोक्याला पांढरा रुमाल, हातात काठी. काठी मला रुबाबाचीच वाटली.

"राम राम, इवाई."

"राम राम."

संपलं. पुढं गुडीहत्नूरपर्यंत दोघंही रस्त्याकडंच पाहत बसलो.

ज्यांना हा प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी सांगतो. तेव्हा आम्ही गुडीहत्नूरला उतरून उटनूरची बस धरली, उटनूरहून आसिफाबाद आणि तिथून बेल्लमपल्ली. आता रस्ते सुधारले म्हणतात. तेव्हा उटनूरच्या पुढं बस घाट चढताना अशी कण्हायची, की खाली उतरून मागून रेटावी वाटे. पण सागाचं जंगल! पानगळीचे दिवस होते. ताटाएवढी पानं रस्त्यावर पडलेली आणि बस त्यावरून गेली की पापड मोडल्यासारखा आवाज. डोंगरातल्या गोंड बाया डोक्यावर मोळ्या घेऊन ओळीनं चाललेल्या. खिडकीकडची जागा धरा, एवढंच सांगेन.

इवायांनी मात्र खिडकी नको म्हटलं. त्यांना मधल्या वाटेकडचीच जागा हवी, तीही पुढची. उटनूरला हॉटेलात बाकडं रिकामं असून ते उभ्यानंच चहा प्यायले. मी मिरचीचे भजे पुढं केले.

"बसा ना जी, इवाई."

"बसायले काय घरी जागा नाही मले?"

मी मनात म्हटलं, वा रे राजा! बाकडंसुद्धा याच्या मानाला कमी पडते. चहा-भज्यांचे पैसे पुढं टाकायला दोघंही धावलो, आणि हॉटेलवाल्यानं तेलुगूत काहीतरी पुटपुटून दोघांचेही परत सारले आणि आधी चहा संपवायला सांगितला. एवढ्यावरच काय ते आमचं एकमत झालं, की हा माणूस खवट आहे.

दुपार कलता कलता बेल्लमपल्ली आली. गाव दिसण्याआधी कळते: हवेत कोळशाचा वास, झाडांच्या पानांवर काळी भुकटी. खाणीचा भोंगा वाजला की सायकलींचा लोंढा सुटे. करतारसिंगाच्या भावानं अंगणात बाजा टाकून ठेवल्या होत्या. एवढे ग्लास ताक पाजलं, की रात्री जेवताना आम्ही दोघंही हात जोडू लागलो.

सकाळी गुरुद्वारा. फार मोठा नव्हे. खाणीच्या क्वार्टरांमागं पांढरी, बैठी इमारत आणि पुढं केशरी निशाण. दारातच करतारसिंगानं आम्हाला धडे दिले. तुम्ही कधी गेलात तर उपयोगी पडतील. जोडे बाहेर ठेवायचे, हातपाय धुवायचे, डोकं झाकायचं. माझ्या टोपीवरसुद्धा त्यानं केशरी रुमाल बांधला. इवाई प्रथमच गालात हसले. तंबाखू आत न्यायची नाही. इवायांनी कमरेची चंची काढून समोरच्या पानवाल्याकडं ठेवायला दिली, ती अशा चेहऱ्यानं, की जणू पोटचं पोर दुसऱ्याच्या स्वाधीन केलं. आत गेलं की ग्रंथसाहेबापुढं माथा टेकायचा आणि जागा दिसेल तिथं खाली बसायचं. बाप्ये एकीकडं, बाया एकीकडं. आणि पाय ग्रंथसाहेबाकडं पसरायचे नाहीत.

एवढं सगळं ऐकून मी काय केलं असेल?

आत चौथऱ्यावर, चांदव्याखाली, रेशमी रुमालांत ग्रंथसाहेब. खाली भिंतीपासून भिंतीपर्यंत एकच सतरंजी, वर पांढऱ्या चादरी. पुढच्या रांगा भरत होत्या. मी इवायांना थेट दुसऱ्या रांगेत नेलं, पिशवीतून लाल बस्कर काढलं, झटकलं आणि सगळ्यांना दिसेल असं अंथरलं.

"बसा, इवाई. हे तुमचं आसन."

आजूबाजूची डोकी वळली. इवाई काठी टेकून अर्धे वाकले होते, तसेच थांबले. पांढऱ्या दाढीचे एक सेवादार बाबा लगबगीनं आले. रागावले नाहीत. हात जोडून म्हणाले, "बुजुर्गो, यहाँ गद्दी एक ही है, वो ऊपर. नीचे सारी संगत बराबर."

मी बस्कर उचललं. बस्कर कसलं, माझं तोंडच उचललं. दुसऱ्यांदा! दुसऱ्यांदा मी या माणसाचं आसन भर लग्नात काढून घेतलं होतं. सुमनचं बाळंतपण माहेरी होण्याची आशा मी तिथंच सोडली.

इवाई आता खाली बसले. पण मांडी घालेनात. उजवा पाय काठीसारखा सरळ, नेमका ग्रंथसाहेबाकडं. ते तो हातानं ओढत होते, दडवत होते; कपाळावर घाम. बाबा निघाले होते ते परतले, वाकले आणि एकच शब्द विचारला:

"घुटना?"

इवायांनी मान हलवली.

"तो पहले बोलना था जी! आओ, दीवार के साथ बैठो. पाँव उधर कर लो, दरवाजे की तरफ."

बाबांनी त्यांना बखोटीला धरून उठवलं आणि बाजूच्या भिंतीशी नेऊन टेकवलं. तिथं त्यांच्या मापाचेच दोन-तीन म्हातारे पाय आडवे करून निवांत बसले होते. एकानं सरकून जागा दिली. मीही जाऊन शेजारी बसलो. बस्कर परत पिशवीत.

पुढं रागी गात होते. नवरदेव पुढं, त्यामागं पल्ला धरून नवरी, असे दोघं ग्रंथसाहेबाभोवती फेरे घालत होते. माझं लक्ष मात्र त्या सरळ पायाकडं.

"कवापासून, इवाई?" मी हळूच विचारलं.

"बैलानं लाथ मारली तवापासून. सुमनच्या लग्नाच्या दोन महिने आगुदर."

"मंग लग्नात काऊन नाही बोलले? भितीकडचा पाट..."

"लोकायसमोर काय सांगू? माहा पाय वाकत नाही मनून? पोराच्या लग्नात?" ते पुढं पाहतच बोलले. "पाटावर बसलो की भितीले टेकून पाय लांबवता येते, येवढंच होतं. तुमी त्या बारदानावर मधात बसवलं. समोरच्या पंगतीत पाय गेला असता माहा. उठलो."

दोन वर्षं! दोन वर्षं मी या माणसाला मानाचा भुकेला समजत होतो. बसमधली वाटेकडची जागा, उभ्यानं प्यायलेला चहा, ती रुबाबाची काठी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि त्या अनोळखी बाबांनी एका शब्दात विचारलं ते मला दोन वर्षांत विचारता आलं नव्हतं.

अरदासला, म्हणजे शेवटच्या प्रार्थनेला, सगळे उभे राहिले, पुन्हा बसले, आणि ओंजळीत शिऱ्यासारखा कढत प्रसाद पडला. दोन्ही हात जोडून पुढं करायचे, बसूनच घ्यायचा. तूप इतकं, की इवायांनी हात पुसायला मिशा वापरल्या.

मग लंगर. लांबच लांब पट्ट्या अंथरलेल्या, त्यावर सगळे ओळीनं. खाणीतला मजूर, त्याच्या शेजारी त्याचा साहेब, पलीकडं मी. इवायांना पुन्हा भिंत शोधावी लागली. त्यांच्या थाळीत दाल वाढायला एक उंच, घामेजलेला सरदार बादली घेऊन वाकला.

"हा कोन?" इवायांनी करतारसिंगाला विचारलं.

"ये? लड़के का बाप."

इवायांचा घास हातातच राहिला. "नवरदेवाचा बाप? वाढून राह्यला?" पुन्हा एकदा पाहून घेतलं. मग भराभर जेवले, आचवले आणि काठी भिंतीला टेकवून सरळ त्या सरदारापुढं जाऊन उभे. "मेरेकू बी दो कुछ. बैठना जमता नई, खडा रहना जमता."

सरदारानं हसून रोट्यांची टोपली त्यांच्या हातात दिली. आणि मी पाहतच राहिलो! वाकता येईना, म्हणून हात लांब करून, मोठ्या ऐटीत, "परशादा जी, परशादा" करत (तिथं रोटीला परशादा म्हणतात) इवाई रांगेतून चालले. माझ्यापुढं आले आणि थांबले. मुलाचा बाप मुलीच्या बापाला वाढतो, हे आमच्या अख्ख्या गोतात कुणी पाहिलं नसेल. मी गोंधळून थाळीच पुढं केली.

"दोन्ही हात," इवाई दरडावले. "रीत हाये इथली. मी शिकलो, तुमी काऊन नाही?"

मी दोन्ही हात पुढं केले. त्यांनी एक नाही, दोन रोट्या टाकल्या.

"सुमनले सातव्यात घेऊन जा. आन् टाकू नका हं, ताटात काही टाकाचं नाही इथं."

दुसरी रोटीही मी शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना विचारून त्यांच्यासाठी वाटेकडची जागा धरली. उटनूरला दोघंही उभ्यानं चहा प्यायलो. चंची पानवाल्याकडंच राहून गेली होती. इवाई आसिफाबादपासून उटनूरपर्यंत तिच्या नावानं उसासे टाकत होते.

चार महिन्यांनी सुमनला मुलगी झाली. इवाई बारशाला आले. आमची मंडळी धावत गेली आणि ते लाल बस्कर आणून भिंतीशी अंथरलं. इवाई त्याच्या शेजारी जमिनीवर टेकले, पाय लांब केला आणि नातीला घेऊन बस्करावर निजवलं. तिनं डोळे मिटूनच त्या मखमलीवर धार सोडली.

"झालं!" इवाई म्हणाले. "आता कोनाचाच मान नाही उरला त्याले."

किती धुतलं तरी झालरीचा हिरवा रंग मखमलीत उतरला तो उतरलाच. बस्कर अजून घरात आहे. इवाई आता नाहीत. पण आमच्या घरच्या कार्यात पंगत बसण्याआधी मी एक फेरी मारतो आणि प्रत्येक म्हाताऱ्याला हळूच विचारतो, "गुडघा कसा हाये जी?" भिंतीकडची जागा त्यानुसार.

हे सगळं इथं टंकून देणारी तीच नात. ती म्हणते, आजोबा, ते धारेचं वाक्य तेवढं काढा. नाही काढत.