मामंजींची बरगडी

बुक्कीनं कांदा फोडला की त्या वासासरशी मी शिरोळच्या आमच्या अंगणात जाऊन पोचते. मामंजी ट्रॅक्टरवरून उतरताच कोसळले होते. श्वास थांबला होता, आणि चुलतसासरे त्यांच्या नाकाशी फोडलेला कांदा धरून बसले होते. मी नर्सिंग शिकलेली. कांदा भिरकावला, पदर खोचला आणि छाती दाबू लागले.

"सासऱ्याच्या अंगाला हात लावतीस?" चुलतसासरे ओरडले.

"लावणार. तुमी गाडी बोलवा."

हाताखाली बरगडी कडकन मोडली, तरी अॅम्ब्युलन्स येईपर्यंत मी थांबले नाही.

बेताल झालेले ठोके दवाखान्यात शॉक देऊन ताळ्यावर आणले. गावात मात्र बरगडीचीच चर्चा.

मामंजी थंडीत ती चोळत सगळ्यांना सुनवायचे, "दुखती की. पण दुखायला मी हाय न्हवं?"