पानमास्तर आणि आईचं वाळवण

पान दिसलं की पानमास्तर ते आधी बोटांत मोडून बघत. जेवणाच्या पंगतीत बसले तरी केळीच्या पानाची कड चुरगाळून बघायची त्यांची सवय सुटली नाही.

साठ सालानंतर कधीतरी ते माणदेशातून आमच्या दातिवऱ्याच्या शाळेवर आले. पाणी नसलेल्या मुलखात झाडं कशी जगतात, हे आम्हा समुद्राकाठच्या पोरांना सांगायची त्यांना भारी हौस. निवडुंगाचे काटे म्हणजे त्याची पानंच, हे ऐकून वर्ग हसला. "हसा हसा. पान जेवढं रुंद, तेवढं पाणी जास्त उडतं. त्यानं पसाराच आवरला," मास्तर म्हणाले.

मी सातवीत असताना आईनं ठरवलं, शाळा पुरे. बाबा होडीवर, मासळी वाळवायला हात हवेत. मास्तरांच्या कानावर गेलं. रविवारी ते अंगणात हजर. पिशवीत केळीचं पान, रुईचं पान आणि कोरफडीची पात. मला वाटलं, आता उपदेश होणार. पण ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या बोंबलांशेजारी ही वाळत घालू? कुठलं किती टिकेल ते तुमच्याइतकं कोण सांगणार?"

आई हसली. "आमी मासली सुकवतो, तुमी पाला सुकवा!"

केळीचं पान संध्याकाळपर्यंत वाळलं. रुई तीन दिवसांत सुरकुतली. कोरफड मात्र आठवडा झाला तरी गुबगुबीतच. आई येता-जाता ती दाबून बघू लागली. पुढच्या रविवारी मास्तरांना बसूही न देता म्हणाली, "हिच्या अंगाला मेण हाय, आत गर हाय. पानी जानार कुठनं? पन सगलीकडनं बंद, मंग ही दम कशी घेते?"

"वहिनी, हा प्रश्न मला कॉलेजात गेल्यावर पडला!" मास्तर उभ्या-उभ्याच सांगू लागले. पानाला बारीक छिद्रं असतात. कोरफड ती उन्हात मिटून घेते, रात्रीच्या गारव्यात उघडते.

"ह्ये पुस्तकात हाय?"

"आहे. पण वरच्या वर्गांच्या."

आई थोडा वेळ बोंबील उलटत राहिली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जाऊ दे पोरीला. मला वाचून दाखवील."

मी पालघरला शिकायला गेले. मास्तरांची बदली झाली. पुढं वनस्पतिशास्त्राची पदवी मिळाली, तेव्हा मी त्यांना पत्र लिहिलं. उत्तर त्यांच्या पत्नीचं आलं. मास्तर दोन महिन्यांपूर्वीच गेले होते.

आईला ते वाचून दाखवलं. तिनं डोळ्यांना पदर लावला. जरा वेळानं म्हणाली, "बस, आताच परत लिव त्या बाईला. म्हनावं, दातिवऱ्यात तुमची एक लेक हाय."