मनश्शेच्या नावाचा अर्थ

मनश्शे गेल्याचं मला आमच्या चार्टर्ड बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं. "मनीष साहब नहीं रहे." क्षणभर वाटलं, हा दुसराच कुणी मनीष असेल... साऱ्या दिल्लीनं मनश्शेला मनीष करून टाकलं होतं आणि या गृहस्थानं ते कधी दुरुस्त केलं नाही.

आम्ही एकाच मंत्रालयात, दोघंही फरीदाबादच्या नव्या सोसायटीत राहायला आलेले. तो नगरकडचा ख्रिस्ती, मी साताऱ्याचा. बसमध्ये रोज तासभर शेजारी. एकदा मी थट्टेनं विचारलं, "अरे, तुझ्या नावाला काही अर्थ आहे की नुसताच आवाज?" तो हसला नाही. म्हणाला, "हिब्रू आहे. विसरायला लावणारा. बायबलातल्या योसेफानं थोरल्या मुलाचं ठेवलं, देवानं जुनं दुःख विसरायला लावलं म्हणून." मग खिडकीबाहेर बघत, "माझ्याआधी एक भाऊ होता, दावीद. चार वर्षांचा होऊन गेला, मग मी झालो... आईला त्याचा विसर पडला का यार, हे विचारायची हिंमत नाही होत." सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, आणि अजून याच एका निकालाची वाट बघत होता. मला तेव्हा तो निव्वळ वेडेपणा वाटला.

तो गेल्यावर महिन्याभरानं त्याच्या आईला भेटायला गेलो. धीर द्यावा म्हणून बोलून गेलो, "काकू, दावीदचं दुःख तुम्ही विसरावं म्हणून फार धडपडायचा तो. नावच तसं ठेवलं होतं ना तुम्ही."

काकू बघतच राहिल्या. "अरे, ते तर माझ्या वडिलांचं नाव! सगळे त्यांना आबाच म्हणायचे, याला सांगायचं कधी सुचलंच नाही. ते गेले त्याच वर्षी हा झाला, म्हणून ठेवलं. अर्थबिर्थ कुणी बघितला होता?" मग म्हणाल्या, "म्हणून का तो दरवर्षी दावीद गेला त्या दिवशी रजा टाकून मला फिरायला न्यायचा? नवं मार्केट, आइस्क्रीम... मला त्या दिवशी घरात बसायचं असायचं रे. वाटायचं, त्याला हौस आहे. म्हणून जायचे."

आणि त्या रडायला लागल्या. अंत्यविधीलाही रडल्या नव्हत्या. मी बोललो ते बरं केलं की वाईट, अजून उमगत नाही. त्याचा राग येतो, एवढं एक वाक्य त्याला विचारता आलं नाही, आणि लगेच त्या रागाची लाज वाटते.

दावीदचा दिवस येत्या गुरुवारी आहे. मी रजा टाकली आहे. काकूंना बाहेर न्यायचं की त्यांच्याजवळ घरीच बसायचं... त्यांना विचारायची माझीही हिंमत होत नाही.