न्यूयॉर्क, शिकागो आणि एक वाक्य

"तुम्ही वाचा मास्तर, मी बघतो," असं म्हणून काका जुन्या मोडी कागदावर बोट ठेवत. त्यांनी केलेली बालबोध नक्कल मी मोठ्यानं वाचायचो आणि त्यांचं बोट मोडीच्या ओळीवरून हळूहळू सरकायचं. शेवटच्या अक्षराशी ते थांबलं की काका श्वास सोडत. "बरहुकूम आहे."

सगळं गाव त्यांना काका म्हणे. धाराशिवच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून ते लोकांच्या जमिनीच्या कागदांच्या नकला करून देत. मूळ कागदात एखादा शब्द चुकलेला असला तर नकलेतही तो चुकलेलाच उतरे. एकाच्या आजोबांचं नाव मूळ कागदात दोनदा पडलं होतं. "एक काढून टाका की," तो म्हणाला. "आजोबा तुमचे. तुम्ही काढा," काका म्हणाले, "मला तो हक्क नाही." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याबरोबर काम करणं कठीण, आणि त्यांच्यावाचून करणं त्याहून कठीण.

ते निजामाचे दिवस होते. शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत. माझं शिक्षण उर्दूत झालं होतं आणि त्यावर सरकारी शाळेत नोकरी लागली होती. काकांना उर्दूत सही तेवढी येई. आम्ही दोघं मिळून एक वाचनालय चालवायचो. एक खोली, दोन कपाटं, एक सतरंजी. तिथं व्याख्यान ठेवायचं तर भाषणाचा पूर्ण मजकूर उर्दूत करून कचेरीत द्यावा लागे, आणि मंजूर मजकुराबाहेर एक शब्दही बोलता येत नसे. इतिहासावरचं व्याख्यान नामंजूर झालं. संतांवरचंही झालं. शेजारच्या गल्लीतून दोघांना धरून नेलेलं होतं. ते कुठं आहेत हे त्यांच्या घरचेही मोठ्यानं विचारत नव्हते. काका म्हणाले, "विषय आपल्यापासून जितका लांब नेता येईल तितका नेऊ."

त्यांनी तो थेट अमेरिकेत नेला. न्यूयॉर्क आणि शिकागो: पाहायला कोणतं, राहायला कोणतं?

काका स्वतः सोलापूरच्या पुढं कधी गेले नव्हते. बदली होऊन गेलेल्या एका इंजिनिअरनं वाचनालयाला जुन्या मराठी मासिकांचा गठ्ठा दिला होता. त्यातली प्रवासवर्णनं त्यांनी महिनाभर वाचली. मी एकदा घरी गेलो तर काकू रिकामी घागर कमरेवर घेऊन उभ्या होत्या आणि काका त्यांना शहरं समजावत होते.

"अहो, पण तिथं पाणी कुठून भरतात?"

"शिकागोला गोड्या पाण्याचा समुद्रच आहे. घरात नळ. चौथ्या मजल्यावरसुद्धा."

"मग राहायला तेच," काकू म्हणाल्या. "ती न्यूयॉर्कची उंच घरं तुम्ही एकटेच बघून या. माझी मान दुखती."

भाषण सोळा पानांचं झालं. थंडी, घरं, आगगाड्या, खाणंपिणं, सगळ्यांत दोन्ही शहरांची तुलना. अकराव्या पानावर वाचनाच्या सोयीबद्दल लिहिलं होतं: "या बाबतीत दोन्ही शहरं सारखी. चार माणसांना वाटलं की वाचनालय काढावं, तर ती काढतात. त्यासाठी कुणापुढं अर्ज करत नाहीत."

मी उर्दू करत होतो. शेवटच्या वाक्याशी माझा टाक थांबला. हे वाचून अमीन, म्हणजे आमच्याकडचा फौजदार, काय म्हणेल ते मला दिसायला लागलं. घरी आई होती, दोन बहिणी होत्या. मी ते वाक्य उर्दूत घेतलंच नाही. एवढ्यानं मंजुरी मिळेल, मग काकांना सांगू आणि बोलताना ते वगळायला लावू, असं ठरवलं. मंजुरी आली. आणि काकांना सांगायची माझी हिंमत होईना. एक वेलांटीही न गाळणाऱ्या माणसाला मी काय सांगणार होतो? आज सांगू, उद्या सांगू, असं करत व्याख्यानाचा शुक्रवार आला.

निजामाकडं शुक्रवारी सुट्टी असे, म्हणून खोली भरली होती. बेंबळीहूनही काही शेतकरी आले होते. दाराशी जमादार बसला, आणि त्याच्याजवळ मराठी समजणारा एक कारकून. कारकुनाच्या मांडीवर माझ्या अक्षरातली उर्दू प्रत होती. काका वाचत तसं त्याचं बोट ओळीवरून पुढं जात होतं.

काका रंगले. शिकागोचा वारा सांगताना त्यांनी टोपी दोन्ही हातांनी धरून दाखवली. लोक हसले. जमादारही हसला.

"काका, न्यूयॉर्कात बैल कुठं बांधत्यात?" बेंबळीच्या एकानं विचारलं.

"बैलच नाहीत."

"आन् मग येवढ्या लांब जाऊन करायचं काय वो?"

पुन्हा हशा. मी एकटा पानं मोजत होतो. आठ. नऊ. दहावं पान उलटलं. मी खोकलो. पुन्हा जोरानं खोकलो. काका थांबले, चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "मास्तरांना जरा पाणी द्या." मी पाणी प्यालो. त्यांनी अकरावं पान वाचलं. सावकाश, स्पष्ट.

कारकुनाचं बोट थांबलं. ते मागं गेलं, पुढं आलं, पुन्हा मागं गेलं. त्यानं जमादाराच्या कानात काही सांगितलं. जमादार उठला आणि व्याख्यान तिथंच संपलं.

अमीनासमोर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "ये जुमला इसमें नहीं है," तो म्हणाला. काकांनी उर्दू कागदाकडं पाहिलं. अक्षर ओळखलं. मग माझ्याकडं एकदाच पाहिलं.

"ते मी मागाहून घातलं," काका म्हणाले. "मास्तरांना दाखवलं नाही."

 धोतराचा सोगा त्यांनी मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

"नक्कल करनेवाला आदमी, और जादा लिखता है?" कारकून म्हणाला आणि सगळे हसले. काकांनी मान खाली घातली. मी तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर आले होते. मी ते गिळले.

तीन दिवस त्यांना कोठडीत ठेवलं. वाचनालयाला कुलूप लागलं. कचेरीच्या आवारात बसायची त्यांना मनाई झाली, म्हणजे पोटावरच पाय आला. महिन्याभरात ते काकूंना घेऊन निजामाच्या हद्दीपलीकडं बार्शीला निघाले. त्यांची गाडी शाळेवरूनच गेली. मी वर्गात पाढे घेत होतो. खिडकीतून गाडीमागं बांधलेली घागर दिसली. मी बाहेर गेलो नाही. कुणी बघेल म्हणून.

वर्षभरानं एक कार्ड आलं, कोपरा फाडलेलं. काका तापानं गेले होते.

निजामाचं राज्य गेल्यावर मी बार्शीला गेलो. काकूंनी पाणी दिलं, पाट दिला. मी खाली बघत सगळं सांगितलं. ते वाक्य मी गाळलं होतं, काकांनी काही जास्तीचं घातलं नव्हतं.

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "सुटून आले त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. म्हणाले, मास्तरांनी माझ्या जिवाच्या काळजीनंच गाळलं असणार. त्यांना कधी विचारू नको. ते भित्रे आहेत, माझ्यासारखेच."

 मी स्वतःच्या जिवाच्या काळजीनं गाळलं होतं.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आता तर राज्य बदललं म्हणतात. आता तरी बोलता ना तिकडं मोठ्यानं?"

"हो," मी म्हणालो.

ते इतकं हळू निघालं की त्या पुढं वाकल्या. "काय म्हणालात?"