खटका बांधला कुणी?

मंडळाची पोरं रोज दारात! "आजोबा, स्मरणिकेसाठी वर्कशॉपचे किस्से लिहून द्या." मी चौथी नापास, मला कशाला छळता? किस्से म्हणजे जिन्याखालचं भंगार. साठत जातं, कुणाला नको असतं, पण टाकायला काढलं की सगळे म्हणतात, राहू दे. तर घ्या.

*

संप लांबला, गिरणी काही उघडली नाही. डिलाईल रोडच्या आमच्याच चाळीतल्या मुकुंदने डिप्लोमा करून तळमजल्यावर वर्कशॉप टाकलं होतं. इमारतींच्या पाण्याच्या पंपाचे बोर्ड बनवायचा. मला आणि तुकारामला त्याने ठेवून घेतलं. आम्ही दोघे साचेखात्यातले, मागांवर कापड विणणारे. तुकारामच्या घरी बायको, तीन पोरी. "हे काम गेलं तर गाव गाठायचा," म्हणायचा.

*

साच्यांच्या खडखडाटात जन्म गेलेला, त्यामुळे तुकाराम बोलायचा ते ओरडूनच.

मुकुंद वैतागला. "काका, इथे साचे नाहीत. हळू बोला!"

"साचे नाहीत म्हणूनच ओरडतोय रे!"

*

बोर्डावर वॉचडॉग नावाची एक चिप असते. बोर्ड चालवणाऱ्या मोठ्या चिपने तिच्या एका पायावर सारखी टिचकी मारत राहायची. टिचकी चुकली की ही समजते, मोठी अडकली. मग सगळं बंद करून पहिल्यापासून चालू करते.

तुकाराम म्हणाला, "म्हणजे आमच्यावर नजर ठेवणारा जॉबरच! फक्त शिव्या घालत नाही."

*

एक बोर्ड सारखा बंद-चालू व्हायचा. टिचकी कधी यायची, कधी नाही. तुकाराम सकाळपासून त्या पायावर मीटर धरून बसला.

मुकुंद म्हणाला, "काका, बोर्डाबरोबर तुम्हालाही गिऱ्हाइकाकडे पाठवू का?"

दोष काही सापडेना आणि माल तर त्याच दिवशी द्यायचा. शेवटी मुकुंदने स्वतः चिमटा घेतला आणि वॉचडॉगचा तो पाय उचलून ठेवला. पाय हवेत राहिला की ती चिप पहाराच सोडते. बोर्ड शांत!

तुकाराम खो-खो हसला. "आम्हीपण हेच करायचो! दोरा तुटला की खटका पडून साचा थांबायचा, म्हणून तो खटकाच सुतळीने बांधून टाकायचो!" सगळं वर्कशॉप हसलं. मुकुंदपण.

*

पुढे तो बोर्ड अडकला. त्याला जागं करायला कुणी नव्हतं. पंप कोरडा फिरत राहिला, मोटार जळली. गिऱ्हाईक बोंबलत आलं.

मुकुंद म्हणाला, "हे गिरणीवाले! खटका बांधायची सवय. स्वतःच्या तोंडाने सांगितलंय, विचारा सगळ्यांना."

तुकाराम माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "पाय तू उचललास, मुकुंदा."

"खोटारडे आहात तुम्ही. संप करून पोट भरलं नाही, आता माझं दुकान बुडवा!"

मला ठेवलं. तुकारामला काढलं. बिऱ्हाड गावाला गेलं.

*

तुकाराम गावीच वारला. चाळीत शोकसभा ठेवली, त्याची बायको आली होती. मुकुंदने फोटोला सगळ्यांत मोठा हार घातला, भाषण केलं. "तुकारामकाकांसारखा प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही!"

बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "मगे त्येंका काढलंस कित्याक?"

मुकुंदने माझ्याकडे पाहिलं. मीपण पाहिलं.

"काका," तो म्हणाला, "चहा सांगू?"

बाईची माफी त्याने मागितलेली नाही. माझीही नाही. नाव छापा. मुकुंद जगन्नाथ दळवी.